धुऱ्यावरचं गाणं

वडसा
९ जून २०२४

चि. रीना हिस,
सत्यशीलाबाईचा जयभीम.

तुमचे फोन ते गाण्याच्या स्पर्धेवाले लोक स्वतःकडे ठेवून घेतात, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं घरी बोलू देतात, असं तुझा भाऊ लोकेश सांगून गेला. ती दहा मिनिटं तुझ्या घरच्यांची आहेत, त्यात मी वाटा मागत नाही. त्याच्याकडून पत्ता घेतला आणि पत्र लिहायला बसले. मला पत्रात बोलायची सवयही आहे. तुझे गुरू रामाजीभाऊ ऑर्गन वाजवायला नाटक कंपनीबरोबर दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरायचे, तेव्हा आमचा संसार निम्मा पत्रांवरच चालला.

काल तुला टीव्हीवर पाहिलं. आमच्या घरचा टीव्ही बंद पडलेला, म्हणून शेजारच्या खुशबूकडे गेलो. पंधरा-वीस बाया, तिची सासू पलंगावर. ते चौघे मोठे गायक तुझ्याकडे पाठ करून खुर्च्यांत बसलेले पाहून म्हातारी चिडली. "हे काऊन तोंड फिरवून बसले? पोरगी एवढ्या दूरून आली ना." खुशबू म्हणाली, "आई, आवाज आवडला का मंग पलटतेत." म्हातारी म्हणाली, "आमच्या मंडपात असं बसले असते तं लोकांनी खुर्चीसंगं उचलून नेलं असतं." सगळ्या हसल्या. मग तू तोंड उघडलंस आणि कोणी हसलं नाही.

मोहाखाली धुऱ्यावरी उभा हाये कोनी गं
चिखलामंदी पाय रुतला, हात देते कोनी गं

दुसऱ्या ओळीला निळ्या कोटातले सर वळले, मग त्या बाई. मी रडले नाही. पण खाली पट्टी आली, त्यात तुझं नाव, जिल्हा गडचिरोली, आणि गाण्यापुढे लिहिलं होतं, पारंपरिक लोकगीत. ते मी दोनदा वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, वाचायला खरं शिकले ती भाऊंच्या नाटकांच्या प्रतींवरून, त्यामुळे कुणाचं नाव कुठे छापलंय हे पाहायची मला खोड आहे. तिथे नाव नव्हतं.

रीना, हे गाणं लोकांचं नाही, रामाजी बारसागडेंचं आहे. आमचं लग्न झालं त्या वर्षी, मी या घरात नवीन असताना, त्यांनी ऑर्गनवर बसून मला ते म्हणून दाखवलं. म्हणाले, तुझ्यासाठी बांधलं. कंपनीत कधी दिलं नाही. घरातच म्हणायचे. तू आठवीत होस्टेलला आलीस, आमच्याकडे शिकायला लागलीस, तेव्हा तुझ्या तोंडी ते ऐकलं आणि मला वाटलं, चला, पुढे गेलं.

तू तेव्हा गावी होतीस, तुला माहीत नाही ते सांगते. भाऊ कोरोनात गेले तेव्हा चार माणसं होती, तीही अंगभर झाकलेली. ज्यांच्या गाण्यावर दहा-दहा हजार लोक मंडपात बसायचे, त्यांची शोकसभासुद्धा झाली नाही. दोन हंगाम नाटकं बंद होती. पुन्हा सुरू झाली तेव्हा पोस्टरवर ऑर्गनच्या जागी दुसरं नाव आलं. त्यात कुणाचा दोष नाही. पण चार माणसांत त्यांचं नाव मोठ्याने कुणी घेतलंय, असं त्यानंतर मी ऐकलेलं नाही.

तू घे. एवढंच मागते. पुढच्या वेळी माईक हातात असेल तेव्हा सांग की हे गाणं वडशाच्या रामाजी बारसागडेंनी बांधलं.

तुझी,
सत्यशीलाबाई


मुंबई
१७ जून २०२४

आदरणीय बाई,
सेवा जोहार.

तुमचं पत्र मिळालं. कपडेपट सांभाळणाऱ्या रंजीताताई आमचं टपाल आणून देतात. पत्र मी तीनदा वाचलं.

इथे आम्ही एका हॉटेलात राहतो. माझ्या खोलीत आसामची मुलगी आहे. तिला माझं बोलणं कळत नाही, मला तिचं, पण दोघींना भात लागतो म्हणून जमतं. निळ्या कोटातल्या सरांनी मला आपल्या गटात घेतलं. ते श्वास कुठे घ्यायचा ते शिकवतात. मी म्हटलं, आमच्या भाऊंनी शिकवलंय. ते हसून म्हणाले, भाऊंनी बरोबर शिकवलंय.

नावाचं मी बघते, बाई. इथे सगळं त्यांच्या ठरवण्याने होतं, त्यामुळे घाई करता येत नाही. माझ्या मनात वेगळंच आलं होतं. भाऊंनी कंपनीसाठी बांधलेली इतकी गाणी आहेत. बहिणीच्या पाठवणीचं ते गाणं तर मला पूर्ण येतं. मी पुढच्या फेरीत ते म्हणू का? त्यावर भाऊंचं नाव पोस्टरपासून आहेच. ते लगेच सांगता येईल.

तुमचे गुडघे कसे आहेत?

तुमची,
रीना


वडसा
२६ जून २०२४

चि. रीना,
जयभीम.

गुडघे आहेत तसे आहेत.

पाठवणीचं गाणं नको. ते चांगलं आहे, मला माहीत आहे. पण ते त्यांनी कंपनीच्या मालकाने सांगितलं म्हणून बांधलं, दुसऱ्या अंकात बाया रडल्या पाहिजेत म्हणून. हे त्यांनी कुणी न सांगता केलं. नाव घ्यायचं तर या गाण्यावर घे. तुला त्याचा संकोच का वाटतोय ते मला कळत नाही. आपला गुरू ऑर्गनवाला होता, मोठ्या संस्थेतला नव्हता, हे तिथे सांगायला अवघड जात असेल तर तसं लिही. मला राग येणार नाही.

आणि आता तुला एकटीने बघायचं काही राहिलं नाही. परवा तुमच्याकडच्या दिव्या मॅडमचा मला फोन आला. नागपूरची पोरगी आहे, मराठी बोलली. म्हणाली, "काकू, रीनाचं ते गाणं लोकांना खूप आवडलंय. उपांत्य फेरीत ती ते पूर्ण म्हणणार आहे, मागे मोठा वाद्यवृंद. तुम्ही तिच्या गुरूंच्या पत्नी ना? तुम्ही या. भाऊंचा फोटो घेऊन स्टेजवर या." मी विचारलं, फोटो केवढा पाहिजे. ती म्हणाली, मोठा. मग म्हणाली, "गाणं कुणी बांधलं ते आम्हाला नक्की सांगा. या वेळी स्क्रीनवर मोठं नाव येईल, नंतर गाणं निघेल त्यावरही तेच येईल." मी तिथल्या तिथे सांगणार होते, पण तिला कुणीतरी हाक मारली. पुढच्या महिन्यात पुन्हा करते म्हणाली.

फोटो मोठा करायला टाकलाय. पांढऱ्या सदऱ्यातला, ऑर्गनशेजारचा.

तुझी आजी इतवारीबाई हिलाही मुंबईला न्यावं असं माझ्या मनात आहे. नातीने एवढं नाव काढलं आणि मी एकटीने जाऊन उभं राहावं हे बरं दिसत नाही. रविवारी लोकेशच्या गाडीवर तुमच्या गावी जाऊन तिला विचारते.

तुझी,
सत्यशीलाबाई


मुंबई
४ जुलै २०२४

आदरणीय बाई,
सेवा जोहार.

कृपा करून आजीकडे जाऊ नका. नाला भरला असेल, गाडी जात नाही. धानाचं रोवणं लागलंय, ती दिवसभर बांधीतल्या चिखलात असते, भेटणारही नाही. तिला मुंबईचं विचारू नका. ती येणार नाही.

पाठवणीचं गाणं मी सरांना म्हणून दाखवलं होतं. ते म्हणाले, हे नाटकातलं आहे, इथे चालणार नाही.

मला भाऊंचा कधीच संकोच वाटला नाही. असं पुन्हा लिहू नका.

दिव्या मॅडमना काही सांगण्याआधी थोडं थांबा. मी लिहिते. मला लिहायला जमत नाहीये.

रीना


वडसा
८ जुलै २०२४

रीना,

तुझं पत्र आज मिळालं. मी त्या रविवारीच जाऊन आले.

नाला भरलेला नव्हता. पाऊस आहे, पण गाडी गेली. लोकेश मला शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत सोडून ट्रॅक्टर पाहायला गेला. तुमच्या बांधीत आठ-दहा बाया वाकून पऱ्ह्याचं एकेक रोप रोवत होत्या. तुझी आजी कडेला होती. सत्तरीची बाई, पण कंबर अजून तशीच वाकते. एक जण गाण्याची ओळ उचलत होती, बाकीच्या मागून झेलत होत्या. मी चपला हातात घेऊन उभी राहिले. थोड्या वेळाने आजीने उचललं. मोहाखाली धुऱ्यावरी.

मला आनंद झाला, खरं सांगते. वाटलं, नात टीव्हीवर गायली, म्हणून हे इथपर्यंत आलं. ती वर आली, पाय धुतले, तंबाखू काढली. मी म्हटलं, "इतवारीबाई, तुम्हीपण शिकल्या का आमचं गानं?"

ती म्हणाली, "कोन्तं गानं?"

"हेच. रीनानं म्हटलं ते."

"ते कायले शिकू? ते माहंच हाये ना."

शेजारची बाई हसली. "बुढीनंच बांधलं ते. तिची बांधी, तिचा मोह. तो काय समोर."

समोर मोह होता, रीना. धुऱ्यावर. त्याच्याखाली बायांच्या डब्यांच्या पिशव्या टांगल्या होत्या.

मी म्हटलं, "आमच्या घरी हे तीस वर्षांपासून हाये. रामाजी म्हनत."

"हो, त्यालेच तं देल्लं. कवा तरी पावसात नाटक बंद राह्यते म्हून रोवण्याले आला होता, रोजीनं. रोवणं काई त्याले जमे ना. पऱ्हे असे लावे का दुसऱ्या दिवशी पान्यावर तरंगत. बाया म्हनत, ए पेटीवाल्या, तू धुऱ्यावर बसून गानं म्हन, तेवढंच बरं. तं तो बसे आन माहं गानं आयके. एक दिवस मले म्हने, बाई, हे मी नेऊ का? म्हटलं, नेय. गानं काय बैल हाये का, नेल्यावर माह्या गोठ्यातून कमी होते?"

मग तिने विचारलं, "तो कसा हाये?" कोणी सांगितलंच नव्हतं तिला. मी सांगितलं. तिने हातातली तंबाखू पुन्हा पुडीत बांधली. मग म्हणाली, "चांगला मानूस होता. विचारून नेलन त्यानं."

मुंबईचं मी तिला विचारलं नाही. लोकेश आला, मी गाडीवर बसले. घरी येऊन भात टाकला आणि तो तसाच राहिला.

लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात ते रोजीने गेले होते हे मला माहीत होतं. ते स्वतःच सांगायचे, हसून. मला रोवता येत नव्हतं म्हणायचे. गाण्याचं सांगितलं नाही.

मला एकच विचारायचं आहे. तुला माहीत होतं का?

सत्यशीला


मुंबई
१५ जुलै २०२४

आदरणीय बाई,
सेवा जोहार.

होतं.

मी तुमच्याकडे यायला लागले, त्या पहिल्याच महिन्यात एकदा तुम्ही दळण आणायला गेल्या होत्या. भाऊ म्हणाले, तुला येतं ते काहीतरी म्हण. मला आजीचंच येत होतं, मी ते म्हटलं. भाऊंचे हात ऑर्गनवरच थांबले. त्यांनी विचारलं, "तू इतवारीबाईची कोन?" मी म्हटलं, नात. ते उठून दारात गेले, बाहेर पाहिलं, परत आले.

त्यांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "पोरी, हे गानं तुह्या आजीचं हाये. तिनं मले देल्लं. पन बाईले मी सांगून बसलो का मी तिच्यासाठी बांधलं. तवा नवीन लगीन होतं, माह्यापाशी तिले द्याले काईच नव्हतं. मंग तिले ते एवढं आवडलं का मले परत घेता आलं नाई. आता तू सांगू नको."

मी आठवीतली होते. मी म्हटलं, नाही सांगणार. त्यानंतर तुमच्या हातचं इतकी वर्षं जेवले आणि नाही सांगितलं. भाऊ गेल्यावर तर कसं सांगायचं? तुमच्यापाशी त्यांचं तेवढंच राहिलं आहे असं मला वाटायचं.

बाई, आता मी विचार केला आहे तो ऐका. रविवारी घरी फोन मिळाला तेव्हा मी आजीशी बोलले. तिला विचारलं, गाण्यावर कुणाचं नाव सांगू? ती म्हणाली, "कोनाचंबी सांग. गानं मले ओरखते." तिला खरंच काही वाटत नाही. मग तुम्ही दिव्या मॅडमना भाऊंचं नाव सांगा. मीही स्टेजवर तेच सांगेन. भाऊंनी मला सूर दिला, श्वास दिला, मी इथे आहे ती त्यांच्यामुळे. त्यात मला खोटं वाटणार नाही. आपण तिघींशिवाय कुणाला कळणार नाही, आणि तिघींतलं कुणी दुखावणार नाही.

तुम्ही म्हणाल तसं करते. नाव तुम्हीच सांगा.

तुमची,
रीना


वडसा
२२ जुलै २०२४

चि. रीना,
जयभीम.

तू वचन पाळलंस, त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. आठवीतल्या पोरीला मोठ्या माणसाने असं वचन घालू नये. ते त्यांचं चुकलं.

तुझं पत्र यायच्या आधी चार दिवस मी भाऊंच्या फोटोकडे पाहिलं नाही. मोठा केलेला फोटो दुकानातून आणला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. ते असते तर भांडले असते. मी भांडायला चांगली होते, ते तुला माहीत आहे. ते उठून बाहेर जायचे, चौकात चहा प्यायचे आणि माझ्यासाठी भजी घेऊन यायचे. आता भांडण माझ्यापाशीच पडून राहिलं. खुशबूची सासू विचारत होती, "सत्यशीला, फोटोले काऊन शिक्षा?" मी म्हटलं, ऊन लागते त्याले.

तुझं पत्र वाचून फोटो सरळ केला.

एक गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. पोस्टरवर आपलं नाव तबलजीच्या नावापेक्षा लहान आलं म्हणून हे गृहस्थ एकदा प्रयोगाच्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले होते, नाव मोठं करा नाहीतर वाजवत नाही. तेच हे. आणि या एका गाण्यावर त्यांनी घराबाहेर कधीच नाव सांगितलं नाही. मालकाने मागितलं तरी दिलं नाही. मला वाटायचं माझ्यासाठी राखून ठेवलंय. ते खोटं बोलले ते फक्त माझ्याशी, बाकी जगाशी नाही बोलले. आता मी ते देशभर बोलायचं का?

दिव्या मॅडमचा काल फोन आला. मी म्हटलं, लिहून घ्या. गाणं इतवारीबाई हलामी हिचं.

ती म्हणाली, "काकू, पण गुरूंचं ना? तुमच्या मिस्टरांचं? आमचं सगळं तसंच ठरलंय. तुम्ही फोटो घेऊन येणार, रीना तुमच्या पाया पडणार."

मी म्हटलं, "पाया पडाले तिले मुंबईले काऊन जा लागते? वडशातबी पडते ते."

ती हसली, पण लगेच समजावणीच्या आवाजात आली. "तसं नाही, काकू. गाणं आजीचं असेल तर मग स्टेजवर आजी लागेल. तुम्हाला आणता येणार नाही आम्हाला. नीट विचार करा. आम्हाला तुम्ही सांगाल तेच आम्ही लिहू, कुणी विचारायला येणार नाहीये."

"मीच विचारून राह्यली ना स्वतःले," मी म्हटलं. "लिवा. इतवारीबाई हलामी."

तिने लिहिलं. मी पुन्हा म्हणून घेतलं तिच्याकडून, हलामी नीट लिहिलंय का ते. मग फोन ठेवला आणि चहा केला.

हे मी तुझ्या आजीवर उपकार म्हणून केलं नाही. तिला नावाचं काही नाही, हे तू लिहिलंस ते खरं आहे. पण तिच्या बांधीत चपला हातात घेऊन मी उभी होते, मी ऐकलंय. ऐकल्यानंतर मला ते नाव दुसरीकडे लावता येत नाही. भाऊंच्या नावाचं माझ्या मनात होतं ते राहून गेलं. राहू दे.

तू फक्त नीट गा. दुसऱ्या ओळीत तू घाई करतेस.

तुझी,
सत्यशीलाबाई


मुंबई
३१ जुलै २०२४

आदरणीय बाई,
सेवा जोहार.

चित्रीकरण झालं. काय झालं ते सांगायला मनाई आहे, तुम्हाला टीव्हीवरच दिसेल.

आजीला आणायला त्यांनी माणूस गावी पाठवला होता. लोकेशने फोनवर सांगितलं. आजी चिखलातून वरच आली नाही. म्हणाली, "रोवणं टाकून येऊ? तुमचा टीवी सुकत नाई, माही बांधी सुकते." त्या माणसाने तिचे बांधीतच चार फोटो काढले आणि तो गेला.

आजी नाही, तुम्ही नाही, मग मी एकटीच उभी राहिले. दुसऱ्या ओळीत घाई केली नाही.

कार्यक्रम संपेपर्यंत आम्हाला सगळ्यांना इथेच ठेवणार आहेत, शेवटच्या दिवशी एकत्र गायचं आहे.

तुमची,
रीना


मुक्काम तुमचं गाव
१२ ऑगस्ट २०२४

चि. रीना,
जयभीम.

हे पत्र मी तुमच्या घरच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. आठ दिवस झाले इथे आहे. लोकेश म्हणाला, बाया कमी पडून राहिल्या, रोवणं मागे पडलं. मी म्हटलं, मी काय कामाची? तुझी आजी म्हणाली, "येय. तुह्या नवऱ्यापेक्षा तं बरंच रोवशीन." एवढं ऐकल्यावर येणं भाग होतं.

शनिवारी सरपंचाच्या घरी टीव्ही पाहिला. सगळं गाव होतं. मोठ्या पडद्यावर नाव आलं, गीत, इतवारी हलामी, आणि चिखलातला तिचा फोटो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आजी म्हणाली, "हे कोन बुढी?" तुझी आई म्हणाली, "तूच होय." आजी म्हणाली, "एवढी काई म्हातारी नाई मी."

तुझ्या त्या निळ्या कोटातल्या सरांनी डोळे पुसले. तरी शेवटी पुढे गेलेल्यांत तुझं नाव आलं नाही. दुसऱ्या पोरीच्या वेळी तिचा आंधळा बाप स्टेजवर आला होता, ते पाहूनच मी निकाल समजले. फोटो घेऊन मी आले असते तर कदाचित समोर बसलेल्यांची मतं तुला पडली असती. हे मी तेव्हाच जाणून होते, तुला लिहिलं नाही. तू जाणून होतीस, तूही लिहिलं नाहीस. तुझं त्यात नुकसान झालं. मी ते विसरणार नाही.

सूत्रसंचालकाने तुला विचारलं, गाणं कुठे शिकलीस. तू म्हणालीस, "गाणं आजीचं. गायला वडशाच्या रामाजी बारसागडेंनी शिकवलं." मी सांगितलं नव्हतं. त्यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून माझी हरकत नाही. मी उठून अंगणात गेले. थोड्या वेळाने परत आले.

आता कालचं सांगते. सकाळी आम्ही मोहाच्या बांधीत उतरलो. पाऊस बारीक होता. तुझ्या आजीने उचललं, आम्ही झेललं, दोन्ही कडवी झाली. भाऊ म्हणायचे तिथे गाणं संपलं, म्हणून मी गप्प झाले. बाकी बाया झाल्या नाहीत. आजीने पुढे उचललं.

मोह तसाच धुऱ्यावरी, खाली नाई कोनी गं
रुतला पाय काढून घेते, हात माहे दोन्ही गं

माझ्या हातातले पऱ्हे तसेच राहिले. कडवं संपल्यावर मी विचारलं, "हे कुठचं? रामाजीनं हे कधी म्हटलं नाई."

ती वाकलेलीच होती. म्हणाली, "त्याले मी हे देल्लंच नाई. हे मी माहा बुढा मेल्यावर बांधलं. तो पेटीवाला मागे. म्हटलं, तुहं लगीन ठरून राह्यलं ना? मंग एवढं नको नेऊ. नव्या पोरीच्या घरात हे कायले?"

"नंतर द्याचं होतं."

"नंतर तो आलाच नाई."

ती मागे सरकली. रोवताना मागे मागे जायचं असतं, ते मला आता जमतं. मी तिच्याशेजारी जागा घेतली आणि म्हटलं, पुन्हा म्हणा. तिने तीनदा म्हटलं. मी तीनदा झेललं. चौथ्यांदा ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता तू उचल."

मी कधी चार माणसांत गायले नाही, रीना. घरात गाणारा माणूस असला की दुसऱ्याने ऐकायचं, असं माझं चाललं. आवाज फाटला. तरी ओळ पूर्ण केली, आणि बायांनी ती मागून उचलून नेली.

तुझी,
सत्यशीलाबाई